बीपी घसरल्याची वर्दी ब्रेनस्टेमला कशी लागते

पलंगावरून उठून उभं राहिलं की काही सेकंदांत साधारण 500 ते 800 मिलिलिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त तेवढ्यानं कमी होतं आणि बीपीचा वरचा आकडा खाली येतो. तरीही बहुतेकांना काहीच जाणवत नाही, कारण अर्ध्या मिनिटाच्या आत तो आकडा पुन्हा जागेवर येतो. ही सगळी दुरुस्ती ब्रेनस्टेममध्ये होते. मेंदू पाठीच्या मज्जारज्जूला जोडणारा हा देठ, आणि त्याचा सर्वांत खालचा भाग म्हणजे मेड्युला. तिथे रक्तदाबाचा निरोप एका रसायनातून दुसऱ्या रसायनात कसा जातो, हे समजून घ्यायला हवं असं मला फार वाटतं. त्याचं कारण अगदी घरगुती आहे. आपल्या ग्वाल्हेरला, माधवगंज-दौलतगंजच्या जुन्या घरांतून, सत्तरीपुढची मंडळी पहाटे उठताना पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि घरचे सांगतात की पाय घसरला. यातल्या पुष्कळ पडण्यांच्या मुळाशी उभं राहताना खाली गेलेलं बीपी असतं, आणि ते कधी मोजलेलंच नसतं.

निरोपाची सुरुवात मानेत होते. जबड्याच्या कोनाखाली मानेतली मोठी धमनी जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे तिची भिंत थोडी फुगीर आणि पातळ असते. हा कॅरोटिड सायनस. अशीच दुसरी जागा हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत आहे. या भिंतींत मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते, टोकांवरचे पीझो 1 आणि पीझो 2 हे प्रथिनांचे दरवाजे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि तंतू संदेश सोडू लागतो. हे दरवाजे आर्देम पॅटापुटियन यांच्या गटानं 2010 मध्ये शोधले, 2021 च्या नोबेलमागे हेच काम होतं. रक्तदाबाच्या तंतूंनाही तेच लागतात हे उंदरांवर 2018 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे इथे दाब प्रत्यक्ष मोजला जात नाही, भिंतीचा ताण मोजला जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मानेतला तंतू नवव्या कपालतंत्रिकेतून आणि छातीतला व्हेगस या दहाव्या कपालतंत्रिकेतून मेड्युलाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका पेशीसमूहात पोचतो. त्याचं नाव न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस, थोडक्यात एनटीएस. इथे विजेचा संदेश संपतो आणि रसायन सुरू होतं. तंतूच्या टोकातून ग्लुटामेट बाहेर पडतं आणि पुढच्या पेशीला जागं करतं. 1980 मध्ये टालमन, पेरोन आणि राइस यांनी उंदरांच्या एनटीएसमध्ये अगदी थोडं ग्लुटामेट सोडून पाहिलं, तेव्हा बीपी आणि नाडी दोन्ही खाली आली, जणू धमनीच ताणली गेली होती. पहिल्या सांध्यावरचं रसायन ग्लुटामेट असल्याचा तो मोठा पुरावा ठरला.

एनटीएसची पेशी जागी झाली की ती मेड्युलाच्या पुढच्या-बाजूच्या खालच्या भागातल्या पेशींना उठवते, पुन्हा ग्लुटामेटनंच. या भागाला सीव्हीएलएम म्हणतात. इथून पुढे मात्र निरोप उलटतो. सीव्हीएलएमच्या पेशी गाबा हे रसायन सोडतात, आणि गाबाचं काम गप्प करणं. तो गप्प कोणाला करतो? थोड्या वरच्या आरव्हीएलएम या भागाला, जो सतत जागा असतो आणि ज्याच्या जोरावर सगळ्या शरीरातल्या धमन्या थोड्याशा आवळलेल्या राहतात. आरव्हीएलएमच्या पेशी मज्जारज्जूतल्या छातीच्या आणि वरच्या कमरेच्या पातळीपर्यंत तंतू पाठवतात. त्यांतल्या अनेक पेशींत ॲड्रेनलिन बनवण्याची सामग्री असते, पण तातडीचा निरोप त्याही मुख्यतः ग्लुटामेटनंच देतात. मज्जारज्जूतून बाहेर पडल्यावर पहिल्या गाठीत ॲसिटिलकोलिन आणि शेवटी धमनीच्या भिंतीवर नॉरॲड्रेनलिन. ते अल्फा-1 नावाच्या कुलपावर बसलं की धमनी आवळते.

आरव्हीएलएमचं महत्त्व किती, हे 1974 मध्ये गर्टझेनस्टाइन आणि सिल्व्हर यांच्या मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं. मेड्युलाच्या पुढच्या पृष्ठभागावरच्या एका छोट्या जागी ग्लायसिन हे पेशींना गप्प करणारं रसायन लावलं की बीपी कोसळायचं. इतक्या लहान जागेवर सगळ्या शरीराचा दाब टेकलेला आहे.

आता ही साखळी बीपी घसरताना चालवून पाहा. धमनीचा ताण कमी झाला, तंतू शांत झाले, एनटीएसमध्ये ग्लुटामेट कमी पडलं, सीव्हीएलएम मंदावलं, गाबा आटला, आणि आरव्हीएलएमवरचा लगाम सुटला. नॉरॲड्रेनलिन वाढलं, धमन्या आवळल्या. म्हणजे या साखळीत ‘बीपी कमी झालं’ असं सांगणारं वेगळं रसायनच नाही. येणारं ग्लुटामेट थांबणं हीच वर्दी. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, आणि व्यवहारातही तीच सर्वांत उपयोगी आहे. तंतूच खराब झाले, तर बीपी वाढल्याची बातमीही मेंदूपर्यंत पोचत नाही आणि कमी झाल्याचीही नाही. म्हणून अशा माणसाचं बीपी आडवं असताना 170 आणि उभं राहिल्यावर 100, असं दोन्हीकडे झोके खातं. घरचे म्हणतात मशीन बिघडलंय. मशीन बहुधा ठीक असतं.

याच वेळी दुसरी एक फांदी चालू असते. एनटीएस शेजारच्या न्यूक्लियस ॲम्बिग्युअसलाही ग्लुटामेट देतं आणि तिथून व्हेगस तंत्रिका हृदयावर ॲसिटिलकोलिन सोडून नाडी हळू करते. ही फांदी फार चपळ आहे, तिचा परिणाम एका ठोक्याच्या आत दिसतो. नॉरॲड्रेनलिनची फांदी सुरू व्हायलाच दोन-तीन सेकंद घेते आणि पूर्ण जोर यायला आणखी कितीतरी. त्यामुळे उभं राहिल्यावर आधी व्हेगस हात काढून घेतो आणि नाडी धावते, मग धमन्या आवळतात, दाब सावरतो आणि नाडी परत थोडी खाली येते. ईसीजीवर हे स्वच्छ दिसतं: उभं राहिल्यापासून साधारण पंधराव्या ठोक्याला नाडी सर्वांत जलद आणि तिसाव्याच्या आसपास सर्वांत हळू. तिसाव्या ठोक्याजवळचं दोन ठोक्यांमधलं सर्वांत लांब अंतर भागिले पंधराव्याजवळचं सर्वांत आखूड अंतर, हे 1.04 किंवा जास्त आलं तर तंतू ठीक, 1.00 किंवा कमी आलं तर व्हेगस दुखावलेली. मधुमेहींची ही तपासणी साध्या ईसीजी मशीनवर पाच मिनिटांत होते, तरी फार क्वचित केली जाते याचं वाईट वाटतं.

दाब फारच खाली गेला तर वेगळ्या यंत्रणा पुढे येतात. कॅरोटिड सायनसला लागूनच कॅरोटिड बॉडी नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा गोळा असतो. रक्त आणि ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या पेशी एटीपी (पेशींचं ऊर्जेचं रसायन, इथे निरोप्या) आणि ॲसिटिलकोलिन सोडून त्याच तंत्रिकेला चेतवतात. सरासरी दाब 60 च्या खाली गेला की ब्रेनस्टेम स्वतःच उपाशी पडतं आणि आरव्हीएलएम सगळा जोर लावतं. अलीकडे असंही दिसलं आहे की ब्रेनस्टेममधल्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे ज्यांना आपण केवळ आधार देणाऱ्या पेशी समजत होतो, त्या मेंदूचा रक्तपुरवठा घटल्याचं ओळखतात आणि एटीपी सोडून शेजारच्या पेशींना बीपी वाढवायला लावतात.

हार्वे कुशिंगनं 1901 च्या सुमारास वर्णन केलेला प्रकार याच कुळातला: डोक्याला मार लागून कवटीतला दाब वाढला की बीपी चढतं, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचं बीपी 190 आणि नाडी 48 दिसली तर घरातली बीपीची गोळी देऊ नका. तो दाब मेंदूला रक्त पोचवण्यासाठीच चढलेला असतो. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा.

धमनीच्या भिंतीच्या ताणाचा मुद्दा आता घेऊ. बीपी महिनोन्‌महिने चढलेलं राहिलं की धमनीची भिंत कडक होते आणि तंतूही त्या दाबाला सरावतात. 170 हाच त्यांच्या लेखी नेहमीचा दाब होतो. म्हणून वाढलेल्या बीपीनं डोकं दुखायलाच हवं ही समजूत चुकीची. ब्रेनस्टेमला तक्रार करण्यासारखं काही दिसतच नाही. उलट औषध सुरू करून 130 वर आणलं की पहिले काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटतं, हलकी चक्कर येते. पुष्कळ जण इथेच गोळी सोडून देतात. तंतूंना खालच्या दाबाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर थोड्या डोसानं सुरू करून हळूहळू वाढवतात. निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत याच कारणानं सोडायला हवी. सरावलेल्या मेंदूला अचानक कमी रक्त मिळालं तर पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

साखळी तुटते कुठे? मधुमेहात जाणारे आणि येणारे, दोन्ही तंतू झिजतात. पार्किन्सनमध्ये हृदय आणि धमन्यांकडे जाणारे शेवटचे तंतू जातात. औषधांचं पाहिलं तर प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन आणि बीपीची प्राझोसिन शेवटच्या अल्फा-1 कुलपावरच बसतात. वरची सगळी साखळी धडधाकट असूनही धमनी आवळत नाही. प्राझोसिनचा पहिला डोस म्हणूनच रात्री झोपताना देतात. लघवीच्या गोळ्या आणि मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन पाणी कमी करतात, मग आवळायला रक्तच कमी. अॅमिट्रिप्टिलिन (नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठी), नायट्रेट (छातीच्या दुखण्यासाठी), लेव्होडोपा (पार्किन्सनसाठी) यांनीही उभ्याचं बीपी घसरतं, तीही डॉक्टरांना आठवणीनं सांगा. आजोबांच्या गोळ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात, आणि तिन्ही एकत्र कोणी पाहिलेल्या नसतात, हे आपल्या घरांतलं नेहमीचं चित्र आहे.

मानेचाही एक इशारा. वय झालेल्या काहींचा कॅरोटिड सायनस अतिसंवेदनशील असतो. घट्ट कॉलर, मान झटकन वळवणं किंवा मालिश करताना जबड्याखाली दाबणं, एवढ्यानं ‘दाब वाढला’ अशी खोटी वर्दी एनटीएसला जाते आणि नाडी तीन सेकंद किंवा जास्त थांबू शकते. वयस्कांची नाडी मनगटावरच बघा, आणि मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबू नका.

आता मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपनं मोजा. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटरसाठी असतो, जाड दंडाला तो लावला तर आकडा खोटा वाढतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून या. पाच मिनिटं आडवं पडू द्या आणि बीपी व नाडी लिहून घ्या. मग उभं करा आणि एक मिनिट झाल्यावर व तीन मिनिटं झाल्यावर पुन्हा घ्या. माणूस भिंतीला टेकून नको, पण मागे पलंग आणि शेजारी कोणीतरी हवं. घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच झोपवा. आकड्यासाठी उभं ठेवू नका.

उभं असताना हाताची जागा हा खरा कळीचा मुद्दा. हात खाली लोंबकळत राहिला तर पट्टा हृदयाच्या खाली जातो, आणि दर 10 सेंटीमीटरला जवळजवळ 8 मिलिमीटर दाब जास्त दिसतो. घसरलेलं बीपी नेमकं यातच लपतं. हात आडवा, छातीच्या मध्याच्या उंचीवर, दुसऱ्यानं धरलेला किंवा उंच टेबलावर टेकलेला हवा. मापन चालू असताना बोलू नये. मशीनला अर्धा मिनिट तरी लागतं, त्यामुळे उभं राहिल्याबरोबरच्या पहिल्या दहा सेकंदांतली घसरण घरी सापडत नाही. आकडे ठीक असूनही उठताक्षणी अंधारी येत असेल तर ते तसंच डॉक्टरांना सांगा.

तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं घसरला तर ते उभ्याचं कमी बीपी. आता नाडी पाहा. वरचा आकडा 30 नं घसरला आणि नाडी 15 पेक्षा कमी वाढली, म्हणजे घसरणीच्या निम्म्याहूनही कमी, तर ब्रेनस्टेमपासून हृदयापर्यंतच्या तंतूंत दोष असण्याची शक्यता जास्त. नाडी चांगली वाढली तर पाणी कमी पडलंय, रक्त जातंय किंवा औषध जास्त होतंय असा विचार करा. बीटा-ब्लॉकर (नाडी हळू करणारी गोळी) चालू असेल, पेसमेकर असेल किंवा नाडी अनियमित असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. हे मोजमाप सकाळी गोळीच्या आधी, गोळीनंतर एक-दोन तासांनी आणि दुपारच्या जेवणानंतर असं वेगवेगळ्या दिवशी करा. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं, आणि सणाच्या पंगतीत पाटावर तासभर बसून एकदम उठणाऱ्या काकूंना चक्कर येते ती बहुधा त्यामुळेच. खाली बसायच्या संडासातून उठतानाही तसंच होतं. तिथे भिंतीला पक्का दांडा बसवा.

ग्वाल्हेरच्या हवामानाचा इथे मोठा वाटा आहे. जानेवारीच्या थंडीत कातडीच्या धमन्या आवळलेल्या राहतात, बीपी वाढतं, आणि डॉक्टर डोस वाढवतात. मे महिन्यात पारा 45 ला भिडतो, लू वाहते, घाम जातो, कातडीच्या धमन्या सैल पडतात, पण गोळी मात्र जानेवारीचीच राहते. त्यात निर्जळी एकादशी. दर वर्षी होळीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, आडवं आणि उभं असं दोन्ही बीपी आठवडाभर लिहून डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. स्वतःहून बंद करू नका.

बंद करण्यावरून क्लोनिडिन या बीपीच्या गोळीचं सांगायलाच हवं. किडनीच्या रुग्णांना ती पुष्कळदा दिलेली असते, अर्कामिन या नावानंही मिळते. ती थेट ब्रेनस्टेममध्ये काम करते, आरव्हीएलएमचा जोर कमी करते, त्यामुळे तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन कमी सुटतं. ती अचानक थांबली की साठलेला जोर उसळी मारतो: एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर, घाम, धडधड, डोकेदुखी. जोडीला बीटा-ब्लॉकर असेल तर प्रकार आणखी गंभीर. पंजाब मेलनं मुंबईला लग्नाला निघताना गोळ्यांचं पाकीट घरी राहिलं, एवढंही पुरतं. या गोळीचा एक आठवड्याचा साठा प्रवासाच्या पिशवीत वेगळा ठेवा.

उभ्याचं बीपी घसरत असेल तर उठण्याआधी पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसा आणि पावलं वर-खाली करा. उभं राहिल्यावर अंधारी आली तर पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या आणि नितंब आवळा. शिरांतलं रक्त लगेच वर ढकललं जातं. तंतू खराब असलेल्यांना सकाळी उठण्याआधी 400 ते 500 मिलिलिटर पाणी एका दमात पिण्यानं तासभर चांगला आधार मिळतो, पण हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन असेल तर आधी विचारा. मोजे वापरायचे तर पोटापर्यंतचे, नुसत्या पोटऱ्यांचे फारसे उपयोगी नाहीत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे घाला. नुसत्या उशा वाढवून मान वाकते, धड आडवंच राहतं. हे ठोकळे रात्रीच्या चढलेल्या बीपीसाठीही आहेत, कारण अशा रुग्णांचं बीपी झोपल्यावर वर जातं आणि किडनी रात्रभर लघवीवाटे पाणी घालवत राहते. मिडोड्रिन ही धमन्या आवळून बीपी वाढवणारी गोळी दिली असेल तर दिवसाची शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी घ्या, आणि ती घेतल्यावर दुपारी आडवं पडू नका, आरामखुर्चीत टेकून बसा.